नापसंतीचं बटण

मंडळी, या विकांताला ट्रेक नव्हता, हापिसचं काम नव्हतं, तरी दोन दिवस मी घरात बसून पन्नास वर्षांपूर्वीच्या सॉफ्टवेअरबद्दल वाचत होतो. बायकोने एकदा डोकावून "काय शोधतोयस?" असं विचारलं. "माझी चूक पहिल्यांदा कुणी केली ते", असं म्हणालो. ती हसून निघून गेली, पण मी विनोद करत नव्हतो.

आधी चूक सांगतो.

आमच्या ट्रेकर मंडळींचा एक चर्चेचा कट्टा आहे. जेमतेम दोनशे सदस्य, त्यात रोज लिहिणारे पंधरा-वीस. एक ओपन सोर्स पॅकेज घेऊन, त्यात थोडी काटछाट करून मी तो चालवतो. फेब्रुवारीत मी सगळ्यांना विचारलं, की पुढच्या आवृत्तीत काय काय हवंय? सत्तावीस मागण्या आल्या. सर्वांत जास्त अनुमोदन होतं ते दोन गोष्टींना: एक, प्रतिसाद आवडला नाही तर 'उणे एक' देण्याचं बटण, आणि दोन, जास्त गुण मिळालेले प्रतिसाद वर, कमीवाले खाली, आणि शून्याच्याही खाली गेलेले मिटलेले. एका शनिवारात दोन्ही लिहून झालं. चाचण्या हिरव्या. रविवारी चढवलं. +१ चा नुसता पाऊस पडला.

एप्रिलमध्ये आमची एक तुकडी नाशिककडच्या एका किल्ल्यावर गेली. अकरा जण. वरच्या टाक्यात पाणी असतं, असं धाग्यात सर्वांत वर, चौदा गुण मिळवून बसलेल्या प्रतिसादात लिहिलं होतं. टाकं कोरडं ठणठणीत. फार काही झालं नाही, पण एका मुलीला चक्कर आली, तिला दोघांनी धरून उतरवावं लागलं, आणि घसा कोरडा पडलेल्या अकरा माणसांचं ते उतरणं सोपं नव्हतं. घरी आल्यावर कुणीतरी धागा पूर्ण उघडून पाहिला. तळाशी मिटलेल्या अवस्थेत आमच्या एका काकांचा प्रतिसाद होता, तीन आठवड्यांपूर्वीचा. त्या टाक्याला तडा गेलाय, होळीनंतर तिथे पाणी राहत नाही, सोबत घेऊन जा. गुण: उणे दोन. का? तर काकांनी सुरुवातीला चार ओळी वरच्या मंडळींचं शुद्धलेखन सुधारण्यात घालवल्या होत्या. (ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. पाणी आणि ऱ्हस्व-दीर्घ या दोन विषयांत ते कुणाला सोडत नाहीत.) त्यानंतर काकांनी लिहिणंच बंद केलं होतं, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. माझ्याही.

कोडमध्ये बग नव्हता. सांगितलं तेच तो करत होता.

तर, इतिहास.

सुरुवात करायची ती अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठापासून. तिथे प्लेटो नावाची संगणकप्रणाली होती, मुळात विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी बांधलेली. नारिंगी रंगाचे प्लाझ्मा पडदे, आणि एका मोठ्या संगणकाला जोडलेली शेकडो टर्मिनलं. प्रणालीत काही बिघडलं तर कळवायचं कुठे? तर 'नोट्स' नावाची एक सामायिक फाइल होती. वापरणाऱ्याने ती उघडायची, शेवटी तक्रार लिहायची, कर्मचाऱ्यांनी तिथेच उत्तर लिहायचं. एका वेळी एकालाच ती उघडता यायची. कुणी लिहिलंय याची खात्री नाही, आणि दुसऱ्याचं लिहिलेलं पुसायला कुणालाच अडकाठी नाही. सोसायटीच्या जिन्यातल्या फळ्यासारखा प्रकार.

१९७३ च्या उन्हाळ्यात पॉल टेन्झारने, म्हणजे प्लेटोची ट्यूटर ही भाषा बनवणाऱ्या माणसाने, डेव्हिड वूली नावाच्या सतरा वर्षांच्या पोराला यावर काहीतरी लिहायला सांगितलं. मागणी साधी होती: पडद्याच्या अर्ध्या भागात तक्रार, अर्ध्या भागात उत्तर. संपलं. आपण असतो तर तेवढंच करून तिकीट बंद केलं असतं. वूलीला मात्र वाटलं की अर्धा पडदा काहींना पुरणार नाही, आणि एका उत्तराने विषय मिटेलच असंही नाही, थोडं पुढे-मागे बोलावं लागेल. म्हणून त्याने मागणी बाजूला ठेवली आणि एका नोंदीखाली ६३ पर्यंत प्रतिसाद, प्रत्येक प्रतिसाद स्वतंत्र पडद्यावर, अशी रचना केली. (६३ हा सहा बिटांत मावणारा सर्वांत मोठा आकडा. तुम्हाला वेगळं सांगायला नको.) प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचं नाव, तारीख आणि वेळ प्रणालीच घालणार, आणि दुसऱ्याला त्यात ढवळाढवळ करता येणार नाही. ऑगस्ट १९७३ मध्ये ते सुरू झालं.

आज आपण ज्याला धागा म्हणतो तो हाच. गंमत पाहा, एक तक्रारवही मागितली होती आणि गप्पांचा पार मिळाला. लोक त्यावर काहीही बोलू लागले. इतकं, की जानेवारी १९७६ मध्ये किम मास्टने 'ग्रुप नोट्स' आणलं, ज्यात प्रत्येक विषयाची वेगळी वही, तिचा वेगळा संचालक, आणि कुणी वाचायचं, कुणी लिहायचं, कुणी फिरकायचंच नाही, याची यादी. निनावी लिहू द्यायचं की नाही हेही त्या वहीचा संचालक ठरवणार. पुढे इलिनॉयमध्ये प्लेटोवर वाढलेल्या रे ओझीने 'लोटस नोट्स' बनवलं, १९८९ मध्ये बाजारात आणलं, आणि अनेक कंपन्यांत कित्येक वर्षं लोक त्याच्या नावाने बोटं मोडत काम करत राहिले. असो.

वूलीच्या या हकिगतीत मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटली. मागणी काय आहे आणि गरज काय आहे, हे त्याने वेगळं पाहिलं. माझ्याकडे सत्तावीस मागण्या होत्या आणि मी फक्त हात मोजले.

दुसरी गोष्ट सॅन फ्रान्सिस्कोची, आणि ती वाईट संपते. १९७८ मध्ये तिथे 'कम्युनिट्री' नावाची चर्चा-प्रणाली सुरू झाली. नावाप्रमाणे झाड: एका विचाराला फांदी, फांदीला उपफांदी. मंडळी आदर्शवादी होती. कुणाचंही बोलणं दाबायचं नाही, म्हणून एकदा आलेला मजकूर देखरेख करणाऱ्यालाही काढता येणार नाही, असं मुद्दामच बांधलेलं. पहिली काही वर्षं सुंदर चर्चा झाल्या. मग शाळांमध्ये संगणक आणि मोडेम आले, पोरांना या झाडाचा फोन नंबर मिळाला, आणि पोरांनी जे करायचं तेच केलं. शिव्या, वात्रटपणा, कचरा. काढता येईना. डिस्क भरून जायची. काही महिन्यांत झाड मेलं. ॲलुकेर रोझॅन स्टोन यांनी ही हकिगत नोंदवून ठेवली आणि २००३ मध्ये क्ले शर्की यांनी आपल्या एका भाषणात ती पुन्हा सांगितली, म्हणून आपल्यापर्यंत पोचली.

यावर "मग संपादक हवाच" असं म्हणणं सोपं आहे. यूजनेटवाल्यांनी दुसरा मार्गही काढून पाहिला. १९८४ मध्ये लॅरी वॉलने (हो, पुढे पर्ल लिहिणारा तोच) 'आरएन' हा वाचक-प्रोग्राम लिहिला. त्यात 'किल फाइल' होती. नको त्या माणसाचं किंवा विषयाचं नाव तिथे टाका, तो तुम्हाला दिसणार नाही. बाकीच्यांना दिसेल. म्हणजे त्याचं तोंड न बांधता आपल्याच कानात बोळे घालायचे. कुणाला त्या फाइलमध्ये टाकलं की 'प्लॉंक' असं जाहीर लिहायची पद्धत पडली, म्हणजे दुर्लक्ष करतानाही आवाज करायचा. माणूस तो माणूसच!

आता खरा मुद्दा, म्हणजे गुण देण्याचा.

रॉब माल्डाने १९९७ मध्ये स्लॅशडॉट सुरू केलं. मागचं सॉफ्टवेअर म्हणजे 'स्लॅश', पर्लमध्ये लिहिलेलं, पुढे सगळ्यांना खुलं केलेलं. सुरुवातीला दिवसाला काही डझन प्रतिसाद यायचे, तेव्हा तो स्वतःच वाईट ते काढत असे. वाढल्यावर पंचवीस जण निवडले. तेही कमी पडले तेव्हा चारशे. आणि मग लक्षात आलं की हातात कायमची काठी दिली की काही जण ती फिरवत सुटतात. तेव्हा त्याने काठीच फिरती केली. नेहमी येणाऱ्या वाचकांतून सॉफ्टवेअर आपोआप कुणालाही निवडणार, पाच गुण वाटायला देणार, तीन दिवसांत वापरले नाहीत तर गेले. ज्या चर्चेत तुम्ही स्वतः लिहिलंय तिथे गुण देता येणार नाहीत. गुणांना तळ आणि छत: उणे एक ते पाच, त्याच्या बाहेर नाही. निनावी माणसाची सुरुवात शून्यापासून, नाव घेऊन आलेल्याची एकपासून. आणि नुसतं वर-खाली नाही, कारण निवडायचं: मार्मिक, माहितीपूर्ण, विनोदी, अवांतर, डिवचणारा, असं काही.

हे वाचताना मी अक्षरशः खुर्चीत सरळ बसलो. माझं बटण आणि हे बटण दिसायला सारखंच की! पण माझ्या बटणाला यातलं एकही कुंपण नव्हतं. कुणीही, कितीही, कारण न देता, स्वतःच भांडत असलेल्या धाग्यात उणे एक देऊ शकत होता. काकांना ज्या दोघांनी दिलं त्यांचंच शुद्धलेखन काकांनी सुधारलं होतं. (नोंदी तपासल्या मी. करू नये, पण केलं.)

स्लॅशवाल्यांचंही एकदम जमलं असं नाही. सदस्याच्या एकूण गुणांना त्यांनी 'कर्मा' म्हटलं आणि आकडा दाखवला. झालं, लोक कर्म सोडून फळामागे लागले. गीतेत नेमकं उलटं सांगितलंय, पण मिशिगनमध्ये कोण सांगणार! मग आकड्याला पन्नासची मर्यादा घातली, तरी खेळ थांबेना, म्हणून शेवटी आकडाच लपवला आणि त्याजागी 'उत्तम', 'बरा', 'वाईट' असे शब्द आले. पुढे 'विनोदी' या शेऱ्याने कर्मा वाढणंही बंद केलं, कारण कोटी करणं माहिती देण्यापेक्षा नेहमीच स्वस्त पडतं. गुण देणाऱ्यांनी नीट दिले की नाही हे तपासण्यासाठी १९९९ मध्ये वर आणखी एक थर आला, परीक्षकांचे परीक्षक. यातला प्रत्येक नियम आधी कुठेतरी हात पोळून घेऊन आलेला आहे.

आणि एवढं करूनही काय राहिलं? क्लिफ लॅम्प आणि पॉल रेझनिक यांनी स्लॅशडॉटचा विदा घेऊन २००४ मध्ये अभ्यास मांडला. चांगले-वाईट प्रतिसाद बहुतेक वेळा योग्य तऱ्हेने वेगळे होतात, असं त्यांना आढळलं. पण चांगला प्रतिसाद ओळखला जायला पुष्कळदा फार वेळ जातो. उशिरा आलेले, दुसऱ्याच्या खाली उत्तर म्हणून आलेले, आणि कमी गुणांपासून सुरू झालेले प्रतिसाद परीक्षकांच्या नजरेतून निसटतात. उशिरा आलेला, कुणाच्या तरी उत्तरादाखल लिहिलेला, आणि वर कोरडं टाकं. २००४ साली छापलेलं होतं हे. मी तेव्हा ऑर्कुटवर स्क्रॅप टाकत होतो.

त्याहून खटकणारं एक संशोधन २०१४ चं आहे, जस्टिन चेंग आणि सहकाऱ्यांचं, बातम्यांच्या चार मोठ्या संकेतस्थळांवरच्या चर्चांवर केलेलं. ज्यांना नापसंती मिळते ते गप्प बसत नाहीत, उलट जास्त लिहितात, आधीपेक्षा वाईट लिहितात, आणि इतरांनाही नापसंती वाटत सुटतात. सोडून जाण्याची शक्यता सर्वांत जास्त कुणाची? ज्यांना काहीच मिळत नाही त्यांची. काका या निष्कर्षात बसत नाहीत, त्यांना उणे दोन मिळाले आणि ते गेले. पण मी मागे जाऊन पाहिलं तर त्याआधीच्या त्यांच्या दहा-बारा लांबलचक प्रतिसादांखाली एक अक्षर नव्हतं. उणे दोन ही त्यांना कित्येक महिन्यांत मिळालेली पहिली दखल होती.

मध्येच जरा आपल्याकडचं सांगतो, कारण ते वाचून मला मनापासून हसू आलं. २००० साली बेल्जियममधल्या अँटवर्पला ड्रीस बायटार्ट नावाचा विद्यार्थी आणि त्याचे मित्र वसतिगृहात एक इंटरनेट जोडणी वाटून घेत होते. जोडणी चालू आहे का, जेवायला कुठे जायचं, असले निरोप ठेवायला त्याने एक छोटी पाटी लिहिली. पुढे तिला नाव द्यायचं होतं डच भाषेतलं 'डॉर्प', म्हणजे गाव. टंकताना अक्षरं उलटी पडून 'ड्रॉप' झालं, आणि जानेवारी २००१ मध्ये कोड खुला करताना त्याचं 'ड्रुपल' झालं. मिसळपाव उभं राहिलं ते याच ड्रुपलवर. तर त्या काळच्या ड्रुपलमध्ये एक नियम होता: तुमच्या प्रतिसादाखाली कुणी उपप्रतिसाद दिला की तुम्हाला स्वतःचा प्रतिसाद बदलता येत नाही. बरोबरच आहे, नाहीतर उत्तर देणारा वेडा ठरायचा. शिवाय साध्या सदस्याला स्वतःचा प्रतिसाद पुसताही येत नसे. मग लिहिल्यावर पश्चात्ताप झाला तर? उपप्रतिसाद यायच्या आत आत शिरायचं, सगळं खोडायचं, आणि लिहायचं 'प्रकाटाआ'. प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे. अँटवर्पच्या वसतिगृहातून निघालेल्या एका सॉफ्टवेअरच्या नियमामुळे मराठीत एक शब्द आला! समोरच्याने माघार घेऊ नये म्हणून घाईघाईने उपप्रतिसाद ठोकून त्याच्या वाक्याला कुलूप लावणारे महाभागही मी पाहिलेत. नियम लिहिणाऱ्याच्या डोक्यात हे कधी आलं असेल? ह.घ्या., पण मुद्दा तोच आहे.

शेवटचा थांबा म्हणजे 'डिस्कोर्स'. जेफ ॲटवुड, रॉबिन वॉर्ड आणि सॅम सॅफ्रन यांनी फेब्रुवारी २०१३ मध्ये ते जाहीर केलं, ओपन सोर्स. ॲटवुड हा स्टॅक ओव्हरफ्लोच्या दोन संस्थापकांपैकी एक, म्हणजे नापसंतीचं बटण ज्याने लाखो इंजिनिअरांना दाखवलं त्यातला. तिथे ते बटण प्रश्नोत्तरांसाठी होतं. चर्चेचं सॉफ्टवेअर बांधताना मात्र त्याने ते ठेवलंच नाही, फक्त आवडल्याचं हृदय ठेवलं. प्रतिसाद काळाच्या क्रमाने, एका सरळ रेषेत. आणि सदस्याचा विश्वास वाढतो कशाने? नव्या माणसाला पहिली पायरी चढायला मूळ मांडणीत पाच विषय उघडावे लागतात, तीस प्रतिसाद वाचावे लागतात, दहा मिनिटं घालवावी लागतात. लिहिण्याची अट तिथे नाहीच. एखादा माणूस एकाच धाग्यात फार बोलायला लागला, तर इतरांनाही बोलू द्या, असं सॉफ्टवेअरच त्याला हळूच सुचवतं. स्लॅशने बोलणाऱ्याला गुण दिले, यांनी ऐकणाऱ्याला दिले. मला हे शनिवारी रात्री दीड वाजता कळलं आणि झोप गेली.

डिस्कोर्स सर्वांना आवडतं असं नाही. सरळ रेषेत दोन विषय एकमेकांत गुंततात, आणि फांद्यांची सवय असलेल्याला ते सहन होत नाही. मलाही फांद्याच आवडतात. पण पाण्याचं टाकं शोधणाऱ्याला आधी नेमकं काय दिसलं पाहिजे, हा प्रश्न विचारला की माझ्या आवडीचं वजन कमी होतं.

रविवारी सकाळी मी उणे एकचं बटण काढलं. गुणांप्रमाणे लावणं काढलं. अकरा जणांनी लगेच निषेध नोंदवला, तो वाचला. 'प्रतिसाद वाचला' अशी एक साधी खूण घातली, म्हणजे कुणी काही बोललं नाही तरी लिहिणाऱ्याला कळावं की कुणीतरी वाचून गेलं. बाकी पंचवीस मागण्या अजून यादीत आहेत. त्यांच्यापुढे मी एक नवा रकाना काढलाय: याने कोण गप्प होईल? पंचवीसपैकी नऊपुढे आत्ताच उत्तर लिहून झालंय.

मग काकांना फोन केला. माफी मागितली. ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "अरे, ते उणे-अधिक सोड. ती पोरगी बरी आहे ना?"

बरी आहे म्हटलं. मग विचारलं, "काका, तुम्हाला काय हवंय कट्ट्यावर? सांगा, मी करतो."

"तारीख मोठी कर," ते म्हणाले. "नावाच्या खाली मुंगीएवढी दाखवतोस ती. टाक्यातलं पाणी कुणी कोणत्या महिन्यात पाहिलंय, ते आधी दिसू दे."

दहा मिनिटांचं काम होतं. रात्रीच चढवलं.